तिसऱ्याचा चेहरा

मावशीला घाणीचं वावडं, आणि तिचं पोट चालायचं ते घाणीवरच. पुतळ्यांच्या कारखान्यात ती केस लावायची. एकेक केस, सुईने, सिलिकॉनच्या कातडीत टोचून. हे केस पोत्यांतून यायचे. बकरीचे, घोड्याचे आणि न्हाव्यांच्या दुकानांतून झाडून आणलेले माणसांचे. पोत्याचं तोंड सोडलं की आतून असा दर्प यायचा की नव्या माणसाने आल्या पावली परत फिरावं. मावशी नाकाला रुमाल बांधून ते केस उकळायची, विंचरायची, जुड्या बांधायची आणि मधूनमधून उठून कोपरापर्यंत हात धुवायची. साबणाने तिच्या बोटांची सालं निघाली होती. "मावशी, साबण लावता की खाता?" असं कारखान्यातले विचारायचे. ती म्हणायची, "तुमची तोंडं बघितली की खावासा वाटतो."

या कारखान्याची एक रीत होती. कामाला लागलेल्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी आपला चेहरा ठेवून जायचं. नाकपुड्यांत दोन नळ्या, पापण्यांवर तेलाचं बोट, आणि ओतारी तोंडावर गार प्लास्टर थापायचा. तो साचा मग भिंतीवर टांगला जायचा. पुतळ्याला चेहरा हवा असला की ओतारी भिंतीकडे बघायचा आणि एखादा काढून घ्यायचा. त्यामुळे कारखान्यातली माणसं कुठल्या कुठल्या संग्रहालयांत उभी होती. मावशी स्वतः एका दालनात परिचारिका होती. तिचा नवरा कारखान्यात पेट्या भरायचा. तो एका ठिकाणी लोहार होता, एका ठिकाणी राजाचा पहारेकरी आणि एका ठिकाणी चक्क मेलेला सैनिक. लेक लहान असताना तिघं मिळून तो लोहार बघायला गेले होते. नवरा पुतळ्याशेजारी हाताची घडी घालून ऐटीत उभा राहिला आणि लेकीने दोन्ही बाबांची पापी घेतली. नवरा जाऊन आता काही वर्षं झाली होती. मेलेला सैनिक बघायला मात्र मावशी कधी गेली नाही.

नवरा दिसायला राकट होता. जबडा थोराड, कपाळ पुढे आलेलं, अंगभर केस. मालक त्याला "आमचा गोरिला" म्हणायचे, आणि तो हसण्यावारी न्यायचा. पेटी खांद्यावर घेऊन मुद्दाम हात लोंबकळत ठेवून दोन पावलं चालायचा, सगळा कारखाना खदाखदा हसायचा. मावशीला ते हसू बघून अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. पण तिला कोणी विचारत नव्हतं. आणि लेक? लेक बापाची हुबेहूब नक्कल होती. शाळेत तिला कोणकोणत्या नावांनी हाक मारायचे ते तिने घरी कधी सांगितलं नाही, पण आईला कळायचं ते कळतच होतं.

तर एके दिवशी मालक नाचतच कारखान्यात आले. विज्ञान संग्रहालयाचं मोठं काम मिळालं होतं. दालनाचं नाव, "माणूस कसा झाला". पाच पुतळे, एका रांगेत, डावीकडून उजवीकडे. पहिला चिंपांझी, चार पायांवर. दुसरा जरा उठलेला. तिसरा अर्धवट, म्हणजे धड ना हा धड ना तो. चौथा भाला घेतलेला. आणि पाचवा ताठ उभा, गोरापान, दूर कुठेतरी बघणारा आजचा माणूस.

"पाचव्याला चेहरा कोणाचा लावू?" ओताऱ्याने विचारलं.

मालकांनी लाजल्यासारखं केलं. मग स्वतः जाऊन खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

काम तपासायला संग्रहालयाने एक बाई पाठवल्या. हाडांवरून माणसाची सगळी कुंडली मांडणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांनी भिंतीवरचं रांगेचं चित्र पाहिलं आणि त्यांचं तोंडच कडू झालं.

"ही रांगच चूक आहे," त्या म्हणाल्या. "पहिला उभा केलाय तो आजचा चिंपांझी. तो आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. दोघांचा आजोबा एकच होता, तो केव्हाच होऊन गेला. तो असाही दिसत नव्हता आणि तुमच्यासारखाही नाही."

"चुलत का होईना, माकडच ना शेवटी? माकडाचा माणूस झाला, हे तर लहान पोरालाही ठाऊक आहे."

"चुलतभावाच्या पोटी कोणी जन्माला येतं का हो? आणि अर्धवट कोणीच नव्हतं. तुमचा हा तिसरा आपल्या काळात पुरेपूर होता. हत्यारं घडवायचा, ताठ चालायचा. त्याला काही तुमच्यापर्यंत पोचायची घाई नव्हती. ही एकामागे एक चढत गेलेली मंडळी नाहीत, हे झाड आहे. फांद्या फुटल्या, पुष्कळ वाळून गेल्या."

"बाई," मालक समजूत घातल्यासारखे म्हणाले, "रांगेच्या टोकाला उभं राहून माणूस फोटो काढतो. झाडाच्या फांदीला लटकून कोण काढेल?"

संग्रहालयाच्या वरिष्ठांनाही फोटोच हवे होते, त्यामुळे बाईंचं कोणी ऐकलं नाही. मावशीला तर दोन्ही बाजूंशी देणंघेणं नव्हतं. माकड म्हटलं की तिच्या अंगावर शहारा यायचा. त्या जातीशी आपलं आजोबाचं नातं असो की चुलत, तिला त्या घरी सोयरीकच नको होती.

पण चिंपांझीच्या हाताला तिने केस लावले आणि बाईंनी ते उलटे आहेत म्हणून सांगितलं.

"उलटे कसे? वरून खाली मनगटाकडे आलेत की."

"तेच तर. कोपराखाली ते वर जातात, कोपराकडे. स्वतःचा हात बघा, करंगळीच्या बाजूने."

मावशीने भिंगाच्या दिव्याखाली आपला हात धरला. हे तिला ठाऊक होतं. माणसांचे हात करताना ती तसेच लावत आली होती, डोळ्याला तसं दिसतं म्हणून. पण माकडाच्या हाताला ते आपल्यासारखेच असतील, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिने हात बाहीत ओढून घेतला.

खात्री करून घ्यायला बाई तिला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेल्या. जाळीमागे एक म्हातारी चिंपांझीण बसली होती. ती आपल्या गुडघ्यावरची खपली काढून निरखत होती. मावशीने रुमाल नाकावर दाबला. इतक्यात शेजारच्या एका सुटाबुटातल्या माणसाने जाळीतून आत पिंक टाकली, नेम धरून, आणि ती तिच्या दंडावर पडल्यावर त्याच्या बायकोपोरांनी टाळ्या पिटल्या. म्हातारीने दंडाकडे पाहिलं. मग मूठभर गवत घेऊन तिने तो पुसला, नीट, कडेपर्यंत, आणि गवत लांब फेकून दिलं. मावशी बघतच राहिली. किळस तर आलीच, पण ती जाळीच्या नेमकी कुठल्या बाजूची आहे ते तिचं तिलाच कळेना. केस मात्र बाई म्हणाल्या तसेच होते.

त्याच सुमारास घरात आनंदाची बातमी आली. लेकीला त्याच संग्रहालयात नोकरी लागली, येणाऱ्या लोकांना दालन समजावून सांगायची. आणि दालन कोणतं, तर हेच. लेक रात्रंदिवस पाठ करत बसायची. "आई, हा आपला चुलतभाऊ बरं का," म्हणून आईला चिडवायची. "तुझा असेल, माझ्या माहेरी असलं कोणी नाही," असं मावशी म्हणायची आणि दोघी हसायच्या. लोकांसमोर उभं राहायचं म्हणजे त्या पोरीच्या जिवावर यायचं, तिने शाळेत कधी हात वर केला नव्हता. ती स्वतःहून असलं काम मागून घेते, याचं आईला कौतुक वाटत होतं.

मग तिसऱ्याची पाळी आली.

केस लावताना बाकीचा चेहरा ओल्या फडक्याने झाकून ठेवायचा, नाहीतर कातडीला धूळ चिकटते. दोन बोटांएवढा तुकडा उघडा टाकायचा, तेवढाच भरायचा, पुढे सरकायचं. त्यामुळे मावशीने तिसऱ्याला असा एकसंध कधी पाहिलाच नाही. दाढी भरली, गाल भरले, उजवी भुवई आणि डावीची नाकाकडची अर्धी बाजू भरली. उजव्या कानामागे केस लावायला तिने अंगठ्याने कान दुमडला आणि अंगठा थबकला.

कानाच्या वरच्या कडेला एक बारीक गाठ होती.

नवऱ्याचे केस ती घरीच कापायची. तो न्हाणीत पाटावर बसायचा, ती मागे उभी राहून अंगठ्याने हाच कान दुमडायची आणि दर वेळी म्हणायची, ही गाठ कुठून आणलीत. हीच गाठ लेकीच्याही कानाला होती. मावशीने फडकं डाव्या भुवईच्या उरलेल्या अर्ध्यावरून सरकवलं. तिथे पेटीची कड लागून पडलेला व्रण होता, त्या जागी कधी केस उगवले नव्हते. सिलिकॉनवर ती रेघ जशीच्या तशी उठली होती. तिने सगळं फडकं ओढून काढलं.

कपाळावर जाडजूड भर घातलेली, हनुवटी कापून टाकलेली, नाक पसरवलेलं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तिचा नवरा, तोंड अर्धवट उघडं टाकून, तिच्याकडे बघत होता. त्याच्या गालांत तिने स्वतःच्या हाताने सुया खुपसल्या होत्या, हजारो. ती नळापर्यंत पोचली आणि सकाळचं सगळं बाहेर पडलं.

ओतारी घमेल्यात प्लास्टर कालवत होता. नवऱ्याचा जुना दोस्त, तिला वहिनी म्हणणारा.

"हे काय केलंत, भावजी?"

त्याने वर पाहिलं नाही. "मालकांनीच सांगितलं. म्हणाले, त्याचा साचा घे, निम्मं काम आधीच झालेलं आहे."

"आणि तुम्ही घेतलात."

"साचा म्हणजे साचा, वहिनी. मेलेल्या सैनिकाला लावला तेव्हा तुम्ही कुठे काय बोललात?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सैनिकाला कोणी हसत नाही. आणि त्याच्याशेजारी माझी लेक उभी राहत नाही! हिच्याकडे बघतील, त्याच्याकडे बघतील. रोज. येणारा प्रत्येक टोळभैरव. कुठून कुठवर आलो ते दाखवायला ती तिथे उभी राहणार, आणि लोक म्हणतील ही अजून तिथेच आहे."

ओताऱ्याचे हात थांबले. घमेल्यातलं प्लास्टर घट्ट होऊन वाया गेलं.

मालकांकडे जाऊन काही उपयोग झाला नाही. "अहो, मान आहे हा!" ते म्हणाले. "आणि अंधाऱ्या दालनात ओळखतंय कोण? तो असता तर त्यालाच गंमत वाटली असती." हे सांगताना ते दातांत अडकलेलं काहीतरी नखाने काढत होते. काढलं, पाहिलं आणि पुन्हा तोंडात टाकलं. मावशी तिथून उठली आणि तिसऱ्याच्या चेहऱ्याला पुन्हा हात लावणार नाही असं सांगून मोकळी झाली. डावी भुवई अर्धीच राहिली होती. "राहू दे," मालक म्हणाले, "माकडाची भुवई कोण बघतंय."

उरल्या बाई. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रांगेसाठी मी अजून भांडतेय, मावशी. पण चेहरा कोणाचा घ्यायचा हे मालकांच्या हातात आहे. आणि खरं सांगू, त्यात कमीपणा काय? तो माणूस थोर होता. थंडीवाऱ्यात टिकला, म्हाताऱ्यांना सांभाळलं असेल. आपण सगळे त्याच्याच घरचे."

"मग तुमच्या यजमानांचा साचा आणा की. मी केस लावून देते."

बाईंच्या नाकाजवळ एक बारीक सुरकुती पडली. पडली आणि गेली, पण मावशीने ती पाहिली. या बाईंना सगळं ठाऊक होतं, झाड, फांद्या, चुलत घराणं. आणि तरीही त्यांच्या नवऱ्याचं नाक त्या नाकाच्या जागी नको होतं. मावशीला त्यांचा राग आला नाही, नुसता वीट आला.

संध्याकाळी ओतारी तिच्या टेबलाशी आला. "वहिनी, एक सांगू? पाचव्यासाठी घेतलेला मालकांचा साचा माझ्यापाशी आहे. एका दिवसात चिंपांझीच्या तोंडावर चढवतो. उद्घाटनाला पडदा वर गेला की पहिल्या नंबरला मालक, चार पायांवर!"

मावशी हसली. कित्येक दिवसांत हसली नव्हती इतकी हसली, डोळ्यांतून पाणी आलं. तिला ते चित्र दिसलं आणि आवडलं. मग तिला गवताने दंड पुसणारी ती म्हातारी आठवली आणि हसू तोंडातच आंबलं.

"नको," ती म्हणाली. "ज्याचा राग आला त्याला माकड करायचं. मग मालकांनी दुसरं काय केलं? शी. मलाच माझी घाण वाटेल."

पेट्या गेल्या. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मावशीला संग्रहालयात जावंच लागलं, प्रवासात केस विस्कटतात, ते बसवायला. तिने लेकीला अजून काही सांगितलं नव्हतं. तोंडापर्यंत यायचं आणि ती गिळून टाकायची. पुतळे येऊन दोन दिवस झाले होते आणि लेक तर रोज तिथे सराव करत होती. पण पोरीने काही म्हटलं नव्हतं, तेव्हा तिने ओळखला नसावा, या आशेवर मावशी होती.

दालनात पाचही जण रांगेत उभे होते. बाई पाट्या तपासत होत्या, ओतारी शेवटचे खिळे ठोकत होता, चारपाच कामगार तारा ओढत होते. लेक नव्या गणवेशात तिसऱ्याच्या बाजूला उभी राहून पुटपुटत पाठ म्हणत होती. वरचा दिवा दोघांवर एकदमच पडला होता, आणि मावशीला दारातूनच कळलं की हे आंधळ्यालाही दिसेल.

मालकांनाही दिसलं. ते चालता चालता थांबले, हिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! तिसरा रांगेतून खाली उतरला की काय?" त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुतळ्याला खेटून उभं केलं. "मान जरा पुढे काढ. हां! हात सोड लांब. कोणीतरी फोटो काढा रे. नुसतं बघून सांगा, यातला पुतळा कोणता?"

कामगार हसले. आणि लेकही हसली. बापासारखी, हसण्यावारी नेत, हात जरा लोंबते सोडून. ते हसू पाहिलं मात्र, मावशीच्या आत काहीतरी तुटलं.

"मालक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ही रांग म्हणजे मागच्यापासून पुढचा झाला, असंच ना?"

"अहो, तेच तर दाखवलंय."

"म्हणजे तिसऱ्याच्या वंशात चौथा, आणि चौथ्याच्या वंशात पाचवा."

"बरोबर."

"तिसरा माझा नवरा. पाचवे तुम्ही." मावशीने दोघांकडे बोट दाखवलं. "म्हणजे माझा नवरा तुमचा खापरपणजोबा झाला. मी तुमची खापरपणजी. उद्या सगळ्या लोकांसमोर माझ्या पाया पडायला या."

तारा ओढायच्या थांबल्या. कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात दडवलं.

मालकांनी तिसऱ्याकडे पाहिलं. त्या केसाळ गालांकडे, उघड्या तोंडाकडे, अर्ध्या भुवईकडे. मग पाचव्या आपल्या चेहऱ्याकडे. मग ते बाईंकडे वळले. "हे असं होतं का हो?"

"तुमच्या रांगेप्रमाणे तर होतंच," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या झाडाप्रमाणेही जवळपास तेच. फक्त तो एकट्या तुमचा नाही, इथल्या सगळ्यांचा."

"तो? तो पेट्या उचलणारा? माझ्या घराण्यात?" मालकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मावशी कधी विसरणार नव्हती. चिंपांझीशी नातं सांगितलं तेव्हा या माणसाला काहीच वाटलं नव्हतं. "शी! काढा ते मुंडकं. आत्ताच्या आत्ता काढा!"

ओताऱ्याने मानेचा बोल्ट पिळला, डोकं उचललं आणि क्षणभर काय करावं ते न सुचून तसाच उभा राहिला. मालकांनीच ते त्याच्या हातातून हिसकावलं आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं. मग हात पँटला पुसत, बिनडोक्याच्या तिसऱ्याकडे बघून म्हणाले, "यावर कापड टाका आणि पाटी लावा. हरवलेला दुवा, अजून सापडलेला नाही. लोकांना तेही आवडतं."

बाईंनी कपाळाला हात लावला.

मावशी जिंकली होती. आणि तिला ओकारी येत होती. डोकं काढलं गेलं ते लाजेने नाही, किळसेने. तिने त्या माणसाची किळस ओळखली, तिला नेम धरून डिवचलं आणि काम साधलं. आता हा विषय संपला, घरी जाऊन आधी अंघोळ करायची, असं म्हणत ती लेकीकडे वळली.

लेक जागेवर नव्हती. ती पिंपाशी वाकून उभी होती.

"चल," मावशी म्हणाली. "सुटलीस. आता कोणी तुला हसणार नाही."

"मी पहिल्याच दिवशी ओळखला होता," लेक म्हणाली, पाठमोरीच. "पेटी उघडली तेव्हाच. तुला सांगितलं नाही, तू रडशील म्हणून. सराव करताना मी सगळं त्यालाच सांगत होते. लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. त्याच्याकडे बघून बोललं की नाही चिकटत."

मावशी पिंपाजवळ आली.

"तू सगळ्यांदेखत म्हणालीस, तुमचा पणजोबा. जसं काही तो असणं म्हणजे शिवी आहे." लेक वळली. तिचे डोळे कोरडे होते. "मला बाबा हवा होता, आई. रांग नको होती."

पिंपात उष्टे कागदी पेले होते, गोंदाच्या चिंध्या होत्या, कोणीतरी थुंकलेलं होतं. त्या सगळ्यावर ते डोकं उपडं पडलं होतं. लेकीचा हात तिथवर पोचत नव्हता. मावशीने बाह्या वर सारल्या, हातमोजे शोधले नाहीत, आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. कसलंतरी गार आणि बुळबुळीत तिच्या कोपराला लागलं. करंगळीच्या बाजूचे, वर जाणारे केस ओले होऊन चिकटले. तिने डोकं कानांना धरून वर काढलं, छातीशी घेतलं आणि ॲप्रनमध्ये गुंडाळलं. मालक काही बोलायला पुढे झाले. ओतारी मध्ये येऊन उभा राहिला, हातात पाना तसाच होता. मालक मग दिव्यांची पाहणी करायला निघून गेले.

घरी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं. खाली कागदसुद्धा न अंथरता. एरवी त्या टेबलावर चप्पल घातलेली पिशवी जरी टेकली तरी मावशी घर डोक्यावर घ्यायची. लेकीने ओल्या फडक्याने चेहरा पुसला, गालांवरून, कपाळाच्या त्या उंचवट्यावरून, कानांमागून. मावशी समोर बसून बघत होती. तो नवराही होता आणि तो कोणी फार जुना माणूसही होता, ज्याला पोरंबाळं होती, ज्याचे कोणीतरी केस विंचरले असतील. दोघांना आता वेगळं करता येत नव्हतं, आणि पहिल्यांदाच तिला ते करावंसंही वाटत नव्हतं.

"भुवई अर्धी आहे गं," लेक म्हणाली. "अशीच ठेवायची?"

मावशी उठली. तिने पिशवीतून सुई काढली, काळ्या केसांची जुडी सोडली, दिवा जवळ ओढला. हात धुवायचं तिच्या लक्षातही आलं नाही. ती एकेक केस भरत गेली, बाहेरच्या टोकापासून नाकाच्या दिशेने. व्रणापाशी आल्यावर तिने सुई उचलली, ती रेघ तेवढी मोकळी सोडली आणि पलीकडून पुन्हा सुरुवात केली.